लेकीच्या घरची मांजरे

2023 च्या माघातली गोष्ट. आमची लेक पहिलटकरीण. तिला सातवा महिना लागला होता. सासरी डोहाळेजेवण ठरले होते. ते उरकून तिला बाळंतपणासाठी माहेरी आणायचे म्हणून मी निघाले. आमचे गाव सातारा जिल्ह्यात कोरेगाव तालुक्यात आणि लेकीचे सासर दापोली तालुक्यात, हर्णै बंदराच्या अलीकडच्या एका वाडीत. म्हणजे मध्ये सगळा सह्याद्री उभा!

पिशव्या उचलून पाऊल उंबऱ्याबाहेर टाकले आणि शेजारचा बोका आडवा गेला. सासूबाई लगेच म्हणाल्या, "जरा बस. पाणी पी, मग नीघ." बसले, पाणी प्याले आणि पहिली एस.टी. चुकली. मांजर आडवे गेले की काम अडते म्हणतात, ते असे!

खरे सांगायचे तर मांजर हा प्राणीच मला आवडत नसे. पुष्कळ वर्षांपूर्वी मळणी झालेल्या ज्वारीच्या राशीत एका मांजराने रात्री घाण केली होती. वरची पाटीभर ज्वारी टाकून द्यावी लागली. त्या दिवसापासून मी मांजराला घरात शिरू दिले नाही. उंदरांसाठी आम्ही औषधाच्या गोळ्या घालायचो. त्या औषधाचे पुढे काय झाले ते ओघात सांगेनच.

सातारा सोडले की पाटणपर्यंत आपलाच मुलूख वाटतो. रानात शाळू उभा, कडेला ऊस. पाटणच्या पुढे डोंगर जवळ येतात. कोयनानगर, हेळवाक मागे पडले की गाडी कुंभार्ली घाट उतरू लागते आणि मातीचा रंगच पालटतो. काळी संपते, तांबडी लागते. चिपळूणला गाडी बदलली. खेडवरून दापोलीला पोहोचेतो ऊन कलले होते. दापोली हे उंचावरचे, हवेशीर गाव. 1972 साली स्थापन झालेले कोकण कृषी विद्यापीठ इथलेच. तिथून रस्ता समुद्राकडे उतरतो. दोन्ही अंगाला आंब्याची कलमे मोहोराने लगडलेली, काजूची झाडे आणि मग एकाएकी निळे पाणी. पाण्यात सुवर्णदुर्ग. कान्होजी आंग्र्यांचे नाव शाळेत वाचले होते. तो किल्ला लेकीच्या वाटेवर असेल असे तेव्हा कुठे वाटले होते?

लेकीचे घर मोठे नाही, पण नीटनेटके. चिऱ्याचे जोते, वर कौले. पुढे ओटी, मग माजघर, मागे पडवी. स्वयंपाक गॅसवर होतो, पण पडवीत न्हाणीच्या पाण्याची चूल रोज पेटते. अंगण शेणाने सारवलेले, गोठ्याशेजारी भाताच्या पेंढ्याची उडवी. माजघरात भाताची कणगी आणि आढ्याला टांगलेल्या, पेंढ्यात बांधलेल्या बियाण्याच्या मुडी. हे सगळे पाहून माझा जीव निवला. तेवढ्यात ओटीवरच्या आरामखुर्चीतून काहीतरी उतरले आणि आळस देत माझ्याकडे बघू लागले. त्याच्यामागे दुसरे. कणगीवर तिसरे. एकंदर पाच मांजरे!

जावईबापूंच्या आजी ऐंशीच्या घरातल्या. त्यांनी एकेकाची ओळख करून दिली. तीन रंगांची ती थोरली मनी. तिच्या लेकी चिंगी आणि गोरी. पट्ट्यापट्ट्यांचा वाघ्या. आणि काळा-पांढरा धिप्पाड बोका, त्याचे नाव तलाठी.

"हे कसलं हो नाव?" मी विचारले.

"अहो, घरात कोणतीही वस्तू आली की पाहणी केल्याशिवाय सोडत नाही," आजी म्हणाल्या.

तलाठ्याने माझ्या पिशव्यांची पाहणी त्याच रात्री केली. साताऱ्याहून कंदी पेढ्यांचा मोठा डबा नेला होता, डोहाळेजेवणाला वाटायला. तो मी फडताळाच्या अगदी वरच्या फळीवर ठेवला. मध्यरात्री धाडकन आवाज झाला. विहीणबाई अंथरुणातूनच ओरडल्या, "हाड्!" सकाळी पाहते तो डबा जमिनीवर, झाकण पलंगाखाली. अर्धे पेढे गायब आणि उरलेले चाटून गुळगुळीत केलेले. एवढ्यावर भागले असते तर बरे. माझे ठेवणीतले इरकली लुगडे पिशवीवर घडी करून ठेवले होते, त्या घडीवर कोणाचे तरी पोट बिघडल्याची खूण होती. आजी म्हणाल्या, "साताऱ्याचे पेढे मानवले नाहीत हो त्याला." लेक तोंडाला पदर लावून हसत होती. मला मात्र हसू येईना.

हसू पुरते मावळले ते पडवीत गेल्यावर. चुलीतली राख रात्री गार झाली की मांजरे तीत उकरून घाण करीत. सकाळी चूल पेटवण्याआधी ती काढणे हे घरातल्या सुनेचे काम. माझी सात महिन्यांची पोटुशी लेक ओणवी होऊन ती राख हाताने सुपलीत भरत होती. माझ्या काळजात धस्स झाले. आमच्या गावच्या आशाताईंनी एका बैठकीत सांगितले होते की, गरोदर बाईने मांजराच्या घाणीला हात लावू नये, पोटातल्या बाळाला अपाय होण्याची भीती असते.

मी तिच्या हातातली सुपली काढून घेतली. ती दबक्या आवाजात म्हणाली, "आई, हळू बोल. आजींना वाईट वाटेल." लेकीच्या सासरी आईने जीभ आवरून वागायचे असते, हे मला का ठाऊक नव्हते? पण प्रश्न बाळाचा होता. दुपारी विहीणबाईंजवळ विषय काढला. म्हटले, "बाळंतपण होईतो तरी ही मांजरं कुठं लांब नेऊन सोडा."

विहीणबाई गप्प राहिल्या. पण ओटीवरून आजींचा आवाज आला, "मांजरं घालवायची असली तर आधी मला घालवा."

त्या दिवशी पंगतीत कोणी फारसे बोलले नाही. उद्यावर डोहाळेजेवण आलेले आणि घरात ही अढी. पाहुणी होऊन आले आणि दुसऱ्याच दिवशी घरात कलह लावला, असे मला वाटू लागले.

संध्याकाळी विहीणबाई म्हणाल्या, "चला, बंदर दाखवते." तो त्यांचा मोठेपणा.

हर्णैचा मासळीचा लिलाव शेतकऱ्याने एकदा तरी पाहावा. आपल्याकडे बाजार समितीत शेतमालाचा लिलाव होतो, तसाच हा, पण वाळूवर. होड्या आत उभ्या राहतात आणि मासळी किनाऱ्यावर आणायला चक्क बैलगाड्या पाण्यात जातात. पोटापर्यंत पाण्यात शांत उभे राहिलेले ते बैल पाहून मला आमच्या दावणीची आठवण झाली. सुरमई, पापलेट, कोळंबी, मांदेली यांचे ढीग पडतात. भोवती बायाबापड्यांचे कोंडाळे, बोली चढत जाते. आणि या सगळ्यात मांजरे! जाळ्यांच्या ढिगावर, होडीच्या सावलीत, पाट्यांच्या मागे. पण एकही धावून पाटीत तोंड घालत नव्हते. सगळी आपापल्या जागी बसून वाट पाहत होती. मासळी निवडून झाली की बारीकसारीक टाकाऊ त्यांच्या वाट्याला येणार, हे त्यांना ठाऊक होते.

वाट्यावर कोळंबी घेऊन आम्ही वाळूत बसलो. विहीणबाई हळूहळू बोलू लागल्या.

"3 जून 2020. निसर्ग वादळ आलं तेव्हा तुमची लेक या घरात आली नव्हती. दुपारी कौलं पत्त्यांसारखी उडाली. माड, पोफळी, आंब्याची कलमं आडवी झाली. आम्ही सगळी गोठ्याच्या भिंतीला धरून बसलो. तेव्हा घरात चार मांजरं होती, ती कुठं पळाली कळलंच नाही. पुढं पाऊस. छपरावर ताडपत्री, कणगी ओली. आणि मग उंदीर. कौलं नाहीत, मांजरं नाहीत, त्यांना मोकळं रान मिळालं. अर्धी कणगी नासली. एका रात्री सासूबाई पाणी प्यायला उठल्या, तर कणगीच्या बुडाशी घोणस! उंदरांच्या वासावर आलेली. पाय पडता पडता राहिला."

मी काही बोलले नाही.

"महिन्याने एक मांजर परत आलं. ही मनी. हाडं निघालेली, एक कान फाटलेला आणि तोंडात पिल्लू. सासूबाईंनी तिला आपल्या ताटातला भात घातला. त्या पावसात आमच्याकडं परत आलेलं तेवढं एकच होतं हो. म्हणून त्या म्हणतात, मांजरं जाणार नाहीत."

आता मी काय बोलणार? आजींच्या दृष्टीने मांजर हा घराचा राखणदार होता. माझ्या दृष्टीने ते माझ्या नातवंडाला भय होते. दोघींचेही खरे होते.

दुसऱ्या दिवशी लेकीला तपासणीसाठी दापोलीला न्यायचे होते. आम्ही तिघीही गेलो. डॉक्टरीणबाईंना मी सगळे सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकले आणि सांगितले ते असे.

भीती खोटी नाही. मांजराच्या विष्ठेतून टॉक्सोप्लाझ्मा नावाचा सूक्ष्म जीव पसरू शकतो. गरोदरपणात बाईला त्याची पहिल्यांदाच लागण झाली तर बाळाला इजा होऊ शकते. पण ताज्या विष्ठेतून लागण होत नाही. तो जीव लागण करण्याजोगा व्हायला किमान एक दिवस आणि कधीकधी पाच दिवसही लागतात. म्हणून घाण रोजच्या रोज काढली आणि ती गरोदर बाईने न काढता दुसऱ्या कोणी काढली, तर धोका फार कमी होतो. मांजरेही कायम हा जीव टाकीत नाहीत. बहुधा पहिली लागण झाल्यावर दोन-तीन आठवडेच टाकतात. आणि हा रोग केवळ मांजरापासूनच होतो असेही नाही. कच्चे राहिलेले मटण, मातीने माखलेली न धुतलेली भाजी, बागेत काम करून न धुतलेले हात, यांतूनही होतो. तेव्हा मटण पूर्ण शिजवावे, भाजी धुवावी, जेवणाआधी साबणाने हात धुवावेत.

"मांजर घालवू नका, मांजराचं काम सुनेकडून काढून घ्या," बाई हसून म्हणाल्या.

परत येताना जीपमध्ये विहीणबाई म्हणाल्या, "उद्यापासून राख मी काढीन." मी म्हटले, "मी आहे तोवर मी काढीन." आमची अढी तिथेच सुटली. पण राखेत घाण होतेच कशी, हा प्रश्न उरला. त्याचे उत्तर वाडीतल्या एका काकांनी दिले. ते पशुसंवर्धन खात्यात पशुधन पर्यवेक्षक होते, आता निवृत्त आहेत. संध्याकाळी ते चहाला आले आणि तलाठ्याला मांडीवर घेऊन बोलू लागले.

"मांजर घाणेरडं नाही, वहिनी. ते फार स्वच्छ जनावर आहे. त्याला घाण पुरायची असते. त्यासाठी सुटी, कोरडी, उकरता येईल अशी जागा ते शोधतं. चुलीतली राख, धान्याची रास, रोपांचा वाफा, बांधकामाची वाळू, सगळं त्याला सारखंच. तुम्ही त्याला जागा दिली नाहीत, तर ते आपली जागा शोधणारच."

मला माझी ज्वारीची रास आठवली. इतकी वर्षे मी ज्याला खोडसाळपणा समजत होते, तो त्या जनावराचा टापटिपीचा स्वभाव होता म्हणायचा!

जावईबापूंनी लगेच आंब्याची एक जुनी लाकडी पेटी आणली. फटींतून सांडू नये म्हणून आत पोत्याचे प्लास्टिक घातले आणि गिरणीवरचे भाताचे तूस चार बोटे भरले. वर मूठभर राख आणि मनीने जिथे उकरले होते तिथली थोडी माती टाकली, म्हणजे वासाने जागा ओळखता यावी. पेटी पडवीच्या कोपऱ्यात, खाण्याच्या जागेपासून लांब ठेवली. खाण्याजवळ ठेवली तर मांजर ती वापरत नाही, असे काका म्हणाले. आणि रात्री चुलीवर लोखंडी घमेले पालथे घातले.

पहिल्या रात्री चिंगी आणि गोरी पेटीत गेल्या. तलाठी महाशयांनी नुसती पाहणी केली. तिसऱ्या दिवशी तेही गेले. पाच मांजरांना एक पेटी पुरत नाही म्हणून गोठ्याच्या कडेला दुसरी ठेवली. सकाळी घाण काढून खोल खड्ड्यात पुरायची, आठवड्याला तूस पालटायचे. दहा मिनिटांचे काम. चुलीतली राख पुन्हा खराब झाली नाही.

काकांनी आणखी काही गोष्टी सांगितल्या, त्या वाचकभगिनींच्या उपयोगाच्या आहेत. मोठ्या मांजराला बशीभर दूध घालण्याची आपली चाल आहे. पण वाढ झालेल्या बऱ्याच मांजरांना दूध पचत नाही, त्याने पोट बिघडते. म्हणजे घरातली निम्मी घाण आपणच दूध पाजून ओढवून घेतो. माझ्या लुगड्यावरच्या पेढ्यांचा उलगडा मला तेव्हा झाला. त्यापेक्षा भातात थोडी मासळी किंवा अंडे कालवून घालावे, प्यायला पाणी ठेवावे. पोटभर घातले तर मांजर उंदीर मारत नाही, ही समजूतही चुकीची आहे. शिकार हा त्याचा स्वभाव आहे. उलट उपाशी मांजर चोरी जास्त करते. बोका भिंतीवर, पोत्यांवर मुतून हद्द आखतो, त्याला खच्चीकरण हा उपाय. मादी सहा महिन्यांची झाली की पिल्ले देऊ शकते आणि वर्षात दोन-तीन वेळा विते. तेव्हा तिची शस्त्रक्रिया करून घेणे हे पिल्ले पोत्यात घालून सोडून येण्यापेक्षा कितीतरी बरे. मांजराला रेबीजची लस टोचून घ्यावी. आणि मांजर चावले किंवा जोरात ओरबाडले, तर जखम पंधरा मिनिटे साबण आणि वाहत्या पाण्याने धुऊन तडक दवाखाना गाठावा. हळद, चुना लावून घरी बसू नये.

"पण मांजरावर सगळी भिस्त ठेवू नका," असेही ते म्हणाले. "लहान उंदीर ते आवरेल. घूस त्याला आवरत नाही. तिच्यासाठी पिंजरा आणि बिळं बुजवणं हेच खरं. आणि एक करा. मांजर पाळलंत तर झिंक फॉस्फाइडसारखं औषध घालू नका. विष खाल्लेला उंदीर मांजराने खाल्ला तर मांजरही मरतं."

मी खाली मान घातली. दोन वर्षांपूर्वी शेजारणीची मांजरी आमच्या गोठ्यामागे तडफडून मेली होती. शेजारीण रडली होती. मी म्हटले होते, कोणास ठाऊक काय खाल्ले तिने. आम्ही त्याच आठवड्यात औषध घातले होते, हे मला ठाऊक होते. ते मी कोणाला सांगितले नाही. त्या ओटीवर मात्र सांगितले. आजी थोड्या वेळाने म्हणाल्या, "मांजर मारलं तर काशीला सोन्याचं मांजर वाहावं लागतं म्हणतात, बाय. तुम्ही सोन्याचं नका वाहू. एक जितं सांभाळा."

काका जाता जाता एक मौजेची गोष्ट सांगून गेले. 2004 साली सायप्रस नावाच्या बेटावर सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीचे एक थडगे सापडल्याचे जाहीर झाले. माणसाशेजारीच एक मांजर पुरलेले होते. त्या बेटावर मूळची मांजरे नव्हती, म्हणजे कोणीतरी ती होडीतून नेली असणार. माणूस शेती करू लागला, धान्य साठवू लागला, धान्यामागे उंदीर आले आणि उंदरांमागे मांजर. गाय-बैलांना आपण धरून आणले, मांजर मात्र आपल्या पायाने आले, असे जाणकार म्हणतात. म्हणून तर ते घरधन्यासारखे वागते!

डोहाळेजेवण थाटात झाले. अंगणातला झोपाळा अबोली आणि झेंडूने सजवला होता. लेकीला हिरवी साडी नेसवून, फुलांची वाडी भरून बाहेर आणले, तर झोपाळ्यावर फुलांच्या मधोमध मनी पसरलेली. बायका हसू लागल्या. एकीने तिला हाकलायला हात उचलला, तोच आजी म्हणाल्या, "असू दे गं. तीही पोटुशी आहे." लेकीने तिला हलकेच बाजूला सरकवले, हात धुतले आणि झोपाळ्यावर बसली. दोघींची ओटी एकदमच भरली म्हणायची!

निघायच्या आदल्या रात्री लेकीची पेटी भरून झाली. तिच्या दोन साड्या आणि खाली आजींनी जुन्या मऊ लुगड्यांची शिवलेली दुपटी. झाकण उघडेच राहिले. पहाटे पाहते तो पेटीत मनी! दुपट्यांवर चार पिल्ले, अजून ओली, डोळे मिटलेली. सगळी दुपटी रक्तापाण्याने भरलेली.

आठ दिवसांपूर्वीची मी असते तर घर डोक्यावर घेतले असते. विहीणबाई घाबरून माझ्या तोंडाकडे पाहत होत्या. मी म्हटले, "हलवू नका तिला. हलवलं तर पिल्लं घेऊन सात घरं फिरेल. पेटी राहू दे इथंच. साड्या आमच्याकडं आहेत आणि दुपटी मी शिवीन." विहीणबाईंनी माझा हात धरला. आजी आतून म्हणाल्या, "आता खऱ्या विहिणी शोभलात."

जीपने घाट चढून आम्ही घरी आलो. चैत्रात लेक बाळंत झाली, मुलगा झाला. दोघेही सुखरूप होती. बाराव्या दिवशी बारशाला कोकणातून मंडळी आली. नारळ आणले, कोकम आणले, आजींनी नव्याने शिवलेली दुपटी आणली. आणि जावईबापूंच्या हातात एक झाकलेली करंडी होती. आत दोन महिन्यांचे, कंदी पेढ्याच्या रंगाचे पिल्लू. लस टोचलेली, तुसाच्या पेटीची सवय लागलेली. आजींनी निरोप दिला होता, "सांभाळायचं कबूल केलंत, विसरू नका."

आमच्याकडे भाताचे तूस कुठले? मी घमेल्यात कोरडी माती आणि राख भरली. बाळ-बाळंतिणीच्या खोलीचे दार लावून ठेवले आणि घमेले साफ करायचे काम माझ्याकडे घेतले. औषधाची पुडी घरातून गेली ती गेलीच. पिल्लाचे नाव ठेवले पेढा. खोड्या करतो, नाही असे नाही. लोकरीचा गुंडा दिसला की घरभर जाळे विणतो, पापड वाळत घातले की त्यांवरून चालत जातो आणि मारलेला उंदीर आणून सासूबाईंच्या जपमाळेशेजारी ठेवतो. पण ज्वारीच्या पोत्याला भोक पडलेले मी त्यानंतर पाहिले नाही. शेजारणीला मी सगळे खरे सांगून टाकले. ती दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी पेढ्याला अंडे घेऊन आली.

सासूबाई मात्र अजून शकुन सोडायला तयार नाहीत. परवा मी बाजाराला निघाले, पेढा आडवा गेला, तशी त्या म्हणाल्या, "जरा बस." मी म्हटले, "आत्याबाई, हा दिवसातून दहा वेळा आडवा जातो. दर वेळी बसून पाणी प्यायचं ठरवलं, तर शेत कोण करील?"